ओवेन्स की बोल्ट, नुर्मी की बेकेले: वेगवेगळ्या काळातले धावपटू तोलायचे कसे

विट्याच्या एका क्रीडाशिक्षकांचा प्रश्न आहे. वसतिगृहातली मुलं रोज वाद घालतात. एक म्हणतो, बोल्टच्या ९.५८ पुढे जेसी ओवेन्सचे १०.३ म्हणजे काहीच नाही. दुसरा म्हणतो, मिल्खासिंग आज पळाले असते तर पहिल्याच फेरीत बाहेर पडले असते. अशा वादात निकाल द्यायची काही पद्धत आहे का, की ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं?

पद्धत आहे, सर. ती वहीत पेनाने करता येते आणि आठवीच्या मुलालाही जमते. थोडक्यात सांगायचं तर दोन वेगळ्या काळातल्या वेळा थेट शेजारी ठेवायच्या नाहीत. धान्य पाखडतो तशी आधी वेळ पाखडून घ्यायची. मग तो धावपटू त्याच दिवशी, त्याच मातीवर, त्याच वाऱ्यात पळणाऱ्या बाकीच्यांपेक्षा किती पुढे होता ते टक्क्यांत काढायचं. निम्मे वाद पाखडतानाच मिटतात.

पहिला खडा हाताच्या घड्याळाचा. तालुक्याच्या स्पर्धेत अंतिम रेषेवर स्टॉपवॉच घेऊन बसणाऱ्या माणसाचा अंगठा नीट बघा. तो शंभर मीटर लांबून पिस्तुलाच्या धुराकडे डोळे लावून बसलेला असतो. धूर दिसला, मेंदूला कळलं, अंगठा दाबला, यात सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज जातो. शेवटी मात्र पळणारा समोरून येताना दिसत असतो, त्यामुळे अंगठा रेषेच्या वेळेवर किंवा किंचित आधीच पडतो. सुरुवात उशिरा आणि शेवट वेळेवर, म्हणून हाताची वेळ नेहमी खरीपेक्षा कमी भरते. १०० आणि २०० मीटरसाठी हाताच्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवायचे आणि ४०० साठी ०.१४, हा सर्वमान्य हिशेब आहे. ४०० ला कमी का, तर तिथे पिस्तूल घड्याळवाल्याच्या जवळच वाजतं.

या ०.१४ चा पुरावा आपल्याच माणसाच्या शर्यतीत आहे. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीत मिल्खासिंग चौथे आले. त्यांची हाताची वेळ ४५.६ आणि विजेच्या घड्याळाची ४५.७३. फरक ०.१३. दोन्ही वेळा पुस्तकांत सापडतात आणि त्यातूनच घोळ झाला. १९९८ मध्ये कोलकात्यात परमजित सिंगने ४५.७० केले तेव्हा अनेकांना वाटलं की ४५.६ चा विक्रम मोडलाच नाही. विजेच्या वेळेशी विजेची वेळ लावली की ४५.७० ही ४५.७३ पेक्षा कमीच. मुलांना हे एक उदाहरण फळ्यावर मांडून द्या, बाकीचं आपोआप समजेल.

हाताच्या वेळेचा आणखी एक नियम शाळांमध्ये सर्रास चुकतो. घड्याळात १०.११ दिसलं तर ते १०.१ लिहायचं नाही, वरच्या दशांशावर न्यायचं, म्हणजे १०.२. तीन घड्याळं असतील तर मधली वेळ धरायची, आणि दोन घड्याळं सारखी असतील तर तीच. सरासरी काढायची नाही. शंभर मीटर, दोनशे मीटर अशा शर्यतींच्या जागतिक विक्रमांसाठी विजेचं घड्याळ सक्तीचं झालं ते १९७७ पासून. त्याआधीचा कुठलाही एकाच दशांशाचा आकडा दिसला की तो हाताचा समजून चाला.

दुसरा खडा अंतराचा. जुन्या अमेरिकी आणि इंग्रजी विक्रमांत यार्ड असतात. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. ४४० यार्ड म्हणजे ४०२.३४ मीटर, म्हणून त्या वेळेतून साधारण ०.३ सेकंद वजा करायचे. २२० यार्डांचं दुखणं मोठं आहे. ती शर्यत अमेरिकेत बरेचदा सरळ रेषेत घ्यायचे, वळणच नसायचं. वळणावर पळणारा ०.३ ते ०.४ सेकंद गमावतो. २५ मे १९३५ ला अॅन आर्बर इथे ओवेन्सने तासाभराच्या आत १०० यार्डांत जागतिक विक्रमाशी बरोबरी केली आणि लांब उडी, २२० यार्ड, २२० यार्ड अडथळे असे विक्रम मोडले. त्यातले २२० यार्डांचे २०.३ सेकंद सरळ रेषेवरचे होते. पुढच्या वर्षी बर्लिनला त्याने २०० मीटर २०.७ मध्ये जिंकली ती वळणावर. २०.३ आणि २०.७ बघून 'वर्षभरात मंदावला' असं कुणी म्हणालं तर त्याला वळण दाखवा. अॅन आर्बरच्या त्या दिवशीची ८.१३ मीटरची लांब उडी २५ वर्षं टिकली. उडीला घड्याळ लागत नाही, टेप लागते, म्हणून ओवेन्सचं मोठेपण सांगायला तो आकडा सगळ्यांत निखळ आहे.

ऑलिम्पिकमध्येही अंतरं नेहमी सारखी नव्हती. १९३२ च्या लॉस एंजेलिसला ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या) अंतिम शर्यतीत मोजणाऱ्याच्या चुकीने सगळे एक फेरी जास्त पळाले. १९२० च्या अँटवर्पची मॅरेथॉन ४२.१९५ नव्हे, ४२.७५ किलोमीटरची होती. त्या मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले १९ वे आले, वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. हे गणित मुलांना घालाच. १०,२४५ सेकंदांना ४२.७५ ने भागलं की किलोमीटरला जवळपास ४ मिनिटं येतात. जास्तीचे ५५५ मीटर म्हणजे सव्वादोन मिनिटं. आजच्या अंतराला ती वेळ २ तास ४८ मिनिटं ३० सेकंदांच्या आसपास बसते. १९२० सालचे रस्ते आणि तेव्हाची पादत्राणं लक्षात घ्या, मग या आकड्याची किंमत कळेल.

तिसरा खडा वाऱ्याचा. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली उभं राहिलेल्या मुलाला वारा पाठीशी असला तर काय होतं हे समजावून सांगावं लागत नाही. विक्रमासाठी पाठचा वारा सेकंदाला २.० मीटरपर्यंत चालतो, त्यापुढे वेळ विक्रमात धरत नाहीत. वारा मोजायचं यंत्र अंतिम रेषेपासून ५० मीटर अलीकडे, जमिनीपासून १.२२ मीटर उंचीवर लावतात आणि १०० मीटरला १० सेकंद मोजतात. पुरुषांच्या १०० मीटरला सेकंदाला १ मीटर पाठचा वारा साधारण ०.०५ सेकंदांची मदत करतो. समोरचा वारा त्याहून किंचित जास्त नुकसान करतो.

आता बोल्टच्या तीन शर्यती घ्या. बीजिंग २००८: ९.६९, वारा शून्य. बर्लिनची जागतिक स्पर्धा २००९: ९.५८, वारा ०.९. लंडन २०१२: ९.६३, वारा १.५. वारा काढून टाकला की बीजिंग ९.६९ वरच राहते, बर्लिन ९.६२ च्या आसपास जाते आणि लंडन ९.७० च्या पुढे. म्हणजे कागदावर लंडनची शर्यत बीजिंगपेक्षा वेगवान दिसते, प्रत्यक्षात बीजिंगची सरस. आणि बीजिंगला तर तो शेवटी हात पसरून, छाती थोपटत रेषेवर आला होता. माझ्या लेखी ऑलिम्पिकमधली त्याची सगळ्यांत मोठी शर्यत तीच.

उंचीचंही तसंच. हवा विरळ असली की वेगाच्या शर्यतींना आणि उड्यांना फायदा, लांब पल्ल्याला तोटा. सातारा समुद्रसपाटीपासून ७०० मीटरच्या आसपास, इथे हिशेब करायची गरज नाही. १००० मीटरच्या वर झालेल्या कामगिरीपुढे नोंदीत खूण करतात, म्हणजे महाबळेश्वरला ट्रॅक असता तर तिथल्या वेळांपुढे ती खूण आली असती. मेक्सिको सिटी २२४० मीटरवर. तिथे १९६८ ला जिम हाइन्स ९.९५ पळाला, त्यात उंचीचा वाटा साधारण ०.०७ सेकंदांचा. साफ वेळ १०.०२ किंवा १०.०३. चार वर्षं आधी, १९६४ ला टोकियोत बॉब हेज कोळशाच्या राखेच्या ट्रॅकवर विजेच्या घड्याळानुसार १०.०६ पळाला, तोही पहिल्या लेनमधून. राखेच्या ट्रॅकवर पहिली लेन सगळ्यांत खराब, कारण लांब पल्ल्याच्या सगळ्या शर्यती तिथूनच जातात आणि ती उखणून निघते. हेजला सिंथेटिक ट्रॅक मिळाला असता तर? १९६८ चा मेक्सिकोचा ट्रॅक हा ऑलिम्पिकमधला पहिला सिंथेटिक ट्रॅक. चार वर्षांचाच काय तो फरक. हाइन्सचं नाव पुढे गाजत राहिलं आणि हेज मागे पडला, हे मला योग्य वाटत नाही.

मग जमिनीचा फरक किती धरायचा? इथे कुणाच्या तरी आकड्यावर विसंबू नका, स्वतः मोजा. तुमची दहा मुलं घ्या. एकाच आठवड्यात शाळेच्या मुरमाच्या मैदानावर आणि बालेवाडीच्या सिंथेटिकवर ६० मीटर पळवा. दोन्हीकडे तोच घड्याळवाला, सकाळची तीच वेळ, मध्ये एक दिवस पूर्ण विश्रांती. प्रत्येकाच्या तीन धावा घ्या आणि चांगल्या दोनची सरासरी धरा. निम्म्या मुलांना आधी मुरमावर आणि निम्म्यांना आधी सिंथेटिकवर पळवा, नाहीतर सरावामुळे झालेली सुधारणा जमिनीच्या खात्यात जाते. खिळ्यांकडे लक्ष ठेवा. सिंथेटिकवर स्पाइक्सचा खिळा ९ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही, आणि मुरमावर आखूड खिळा धरत नाही, पाय मागे सरकतो. दोन्हीकडे एकच खिळा लावला तर तुम्ही जमिनीऐवजी खिळ्याचा फरक मोजाल. मुरमावर आदल्या रात्री पाणी मारलं असेल तर तेही वहीत लिहा. भुसभुशीत मुरूम आणि दाबून रोलर फिरवलेला मुरूम यांत बराच फरक पडतो.

आता ओवेन्स आणि बोल्ट. ओवेन्सची १०० मीटरची सर्वोत्तम मान्य वेळ १०.२, शिकागो, जून १९३६, हाताच्या घड्याळाची. ०.२४ मिळवले, १०.४४. बोल्ट ९.५८ मध्ये रेषेवर आला तेव्हा ओवेन्सचे ०.८६ सेकंद शिल्लक, म्हणजे जवळपास ९ मीटर. इथेच थांबलं तर मुलगा म्हणेल, बघा, मी म्हणत होतो. पण १९३६ च्या बर्लिनमध्ये स्टार्टिंग ब्लॉक नव्हते. ऑलिम्पिकमध्ये ते आले १९४८ ला लंडनमध्ये. ओवेन्सला हातात खुरप्यासारखं हत्यार घेऊन राखेत स्वतःचे दोन खड्डे खणावे लागायचे. पुढचा खड्डा रेषेपासून वीतभर मागे, मागचा त्याच्याही मागे, आणि मागची भिंत उभी तासलेली. भिंत ढासळली तर पहिलं पाऊल तिथेच वाया जायचं. मुलांना एकदा मुरमात असे खड्डे खणून पळवा. ब्लॉकवर पाय ढकलतो तेव्हा जमीन परत ढकलते. खड्ड्यात मातीच आधी सरकते.

समजा तुमच्या मोजमापात जमीन आणि ब्लॉक मिळून ०.३ सेकंदांचा फरक निघाला. ओवेन्स १०.१ वर आला. अजून अर्धा सेकंद उरतो, आणि तो बोल्टचा हक्काचा आहे. १.९५ मीटर उंचीचा माणूस ४१ पावलांत शंभर मीटर संपवतो, हे आधी कुणी केलं नव्हतं. पण वयही बघा. बर्लिनला ओवेन्स २२ वर्षांचा होता आणि तिथेच त्याची कारकीर्द संपली. ऑलिम्पिकनंतरच्या युरोप दौऱ्यातून तो परतला, अमेरिकी महासंघाने त्याला अपात्र ठरवलं. ओहायो स्टेट विद्यापीठात असताना शिष्यवृत्ती नव्हती, पोटापाण्यासाठी कामं करत शिकत होता. बोल्टही बीजिंगला २२ च्या उंबरठ्यावर होता, पण त्याला पुढे आणखी नऊ हंगाम मिळाले. तीस वर्षांपर्यंत पळालेल्या माणसाची शिदोरी बाविशीत थांबवलेल्या माणसाशी तोलताना हे विसरलं तर तराजूच खोटा.

आता टक्क्यांची पद्धत. सूत्र सोपं. पहिल्याच्या आणि दुसऱ्याच्या वेळेतला फरक, भागिले पहिल्याची वेळ, गुणिले शंभर. ऑलिम्पिकच्या अंतिम शर्यतीच घ्यायच्या, कारण तिथे सगळे पूर्ण तयारीने येतात आणि त्या दिवशी सगळ्यांना जमीन, वारा, घड्याळ सारखंच असतं.

१०० मीटर: बोल्ट २००८, ९.६९ आणि ९.८९, म्हणजे २.०६ टक्के. कार्ल लुईस १९८४, ९.९९ आणि १०.१९, २.०० टक्के. हेज १९६४, १०.०६ आणि १०.२५, १.८९ टक्के. चव्वेचाळीस वर्षांच्या अंतराने पळालेले हेज आणि बोल्ट किती जवळ आले बघा. २०० मीटर: ओवेन्स १९३६, २०.७ आणि २१.१, १.९३ टक्के. मायकेल जॉन्सन १९९६, १९.३२ आणि १९.६८, १.८६ टक्के. म्हणजे आपापल्या मैदानावर ओवेन्स आणि जॉन्सन एकाच तोलाचे. बोल्टची २००८ ची २०० मीटर मात्र या सगळ्यांच्या वर आहे, पण तिथे एक सापळा आहे. नोंदीत दुसऱ्याची वेळ १९.९६ दिसते आणि टक्केवारी ३.४ निघते. प्रत्यक्षात दुसरा आलेला चुरांडी मार्टिना १९.८२ पळाला होता, लेनच्या रेषेवर पाय पडल्यामुळे बाद झाला. तोलताना १९.८२ धरा. तरीही २.६९ टक्के उरतातच, आणि वारा समोरून ०.९ होता. अशी शर्यत मला दुसरी दिसत नाही.

ओवेन्सच्या बर्लिनच्या १०० मीटरला ही पद्धत लावू नका. १०.३ आणि १०.४, फरक एक दशांश. हाताच्या घड्याळाची घडीच एका दशांशाची, त्यामुळे खरा फरक त्याच्या निम्मा असेल की दुप्पट, हे त्या आकड्यांतून ठरत नाही. फरक घड्याळाच्या घडीच्या निदान तिप्पट असेल तरच टक्के काढायचे. उलट टोकाला पॅरिस २०२४ आहे. नोआ लाइल्स ९.७८४, किशेन थॉम्पसन ९.७८९, दोघांनाही नोंदीत ९.७९. फरक सेकंदाच्या हजार भागांपैकी फक्त पाच भागांचा.

त्याच पॅरिसच्या शर्यतीत टक्केवारीची खरी उणीवही दिसते. शेवटचा, आठवा धावपटू ९.९१ मध्ये आला, विजेत्याच्या १.२ टक्के मागे. १९६४ ला दुसराच १.८९ टक्के मागे होता. गर्दी दाटली आहे. १९६० मध्ये जगात गंभीरपणे सराव करणारे देश मोजके होते, आज कॅरिबियन बेटांपासून बोट्सवानापर्यंत सगळे आहेत. दाट गर्दीतून २ टक्के पुढे निघणं हे विरळ गर्दीतून २ टक्के पुढे निघण्यापेक्षा अवघड. म्हणून टक्के सारखे आले तर मी अलीकडच्या धावपटूला झुकतं माप देतो.

हेच आपल्या माणसांना लावून बघा. मिल्खासिंग, रोम १९६०: विजेता ओटिस डेव्हिस ४५.०७, मिल्खा ४५.७३, १.४६ टक्के मागे, चौथे. पी. टी. उषा, लॉस एंजेलिस १९८४, ४०० मीटर अडथळे: विजेती नवाल एल मुतावकील ५४.६१, उषा ५५.४२, १.४८ टक्के मागे, चौथी. २४ वर्षं मध्ये, शर्यत वेगळी, आणि आकडा जवळजवळ तोच. अविनाश साबळे, पॅरिस २०२४, ३००० मीटर स्टीपलचेस: विजेता ८:०६.०५, साबळे ८:१४.१८, १.६७ टक्के मागे, आणि क्रमांक ११ वा. मिल्खा-उषांच्या जवळपास तेवढंच अंतर, पण जागा चौथ्यावरून अकराव्यावर घसरली. साबळेचा ११ वा क्रमांक बघून जो नाक मुरडतो त्याने हे तीन आकडे शेजारी लिहावेत.

आणि 'मिल्खा आज पहिल्या फेरीत बाहेर' या मुलाला उत्तर. २०१९ मध्ये मोहम्मद अनस ४५.२१ पळाला, मिल्खांपेक्षा अर्धा सेकंद वेगवान, सिंथेटिकवर. त्या वर्षीच्या जागतिक विजेत्याची, स्टीव्हन गार्डिनरची वेळ ४३.४८. फरक जवळपास ४ टक्के. म्हणजे घड्याळात अनस पुढे आणि आपल्या काळाच्या तुलनेत मिल्खा कितीतरी पुढे. मिल्खांची १९६० ची वेळ उचलून आजच्या हीटमध्ये टाकायची आणि माणूस मात्र १९६० चाच ठेवायचा, हा अन्याय आहे. माणूस आणायचा तर त्याला आजचा ट्रॅक, आजचे स्पाइक्स, आजचा आहार आणि मालिशवालाही द्या.

लांब पल्ल्याला मात्र घड्याळ जवळजवळ मिटूनच ठेवा. १९७२ ला म्युनिकमध्ये लासे विरेन १०,००० मीटरमध्ये अर्ध्याच्या जरा आधी पडला, उठला आणि २७:३८.३५ च्या जागतिक विक्रमासह जिंकला. चाळीस वर्षांनी लंडनमध्ये मो फारा २७:३०.४२ मध्ये जिंकला. फरक फक्त ८ सेकंद. त्याच चाळीस वर्षांत जागतिक विक्रम २६:१७.५३ पर्यंत, म्हणजे ८० सेकंदांनी खाली आला होता. फारा मंद होता का? मुळीच नाही. ऑलिम्पिकमध्ये वेग ओढून नेणारे भाडोत्री धावपटू नसतात. सगळे एकमेकांवर नजर ठेवून पळतात आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत शर्यत उघडते. विक्रमाच्या शर्यतीत पुढे वेग ठरवणारे असतात आणि हल्ली ट्रॅकच्या कडेने पळणारे दिवेही. केनेनिसा बेकेलेचे २००५ चे २६:१७.५३ दिव्यांशिवायचे. जोशुआ चेप्टेगेईचे २०२० चे २६:११.०० दिव्यांसह आणि नव्या पिढीच्या स्पाइक्ससह. साडेसहा सेकंदांचा हा फरक मी बेकेलेच्या विरोधात मोजत नाही.

म्हणून लांब पल्ल्याला तीन प्रश्न विचारायचे: किती अंतरं जिंकली, किती दिवसांत जिंकली, किती ऑलिम्पिक जिंकली. पावो नुर्मी: १९२० ते १९२८, ९ सुवर्ण, ३ रौप्य. १९२४ ला पॅरिसच्या ५०० मीटरच्या ट्रॅकवर १५०० आणि ५००० या दोन अंतिम शर्यती त्याने एकाच दिवशी, तासाभराच्या आत जिंकल्या. दोन दिवसांनी भर उन्हात क्रॉसकंट्री, जिथे सुरुवात केलेल्या ३८ पैकी फक्त १५ जण शेवटपर्यंत पोचले. तीही त्याचीच.

एमिल झाटोपेक: हेलसिंकी १९५२. याच ऑलिम्पिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीचं कांस्य घेतलं, म्हणून आपल्या भागात हेलसिंकी परकं नाही. २० जुलैला १०,००० मीटर, दुसऱ्यापेक्षा १५.८ सेकंद पुढे. २४ ला ५०००, तीही हीट पळून. २७ ला मॅरेथॉन, आयुष्यातली पहिली, आणि दुसऱ्यापेक्षा अडीच मिनिटं पुढे. आठ दिवसांत तीन सुवर्ण. ५००० ला लागणारा शेवटच्या फेरीचा वेग आणि मॅरेथॉनला लागणारी चरबी जाळायची क्षमता, ही शरीराची दोन वेगळी कामं आहेत. एकासाठी घासलेलं शरीर दुसऱ्याला सहसा दाद देत नाही. लांब पल्ल्यात एकच नाव सांगा म्हणाल तर मी झाटोपेक म्हणेन, नुर्मीच्या ९ सुवर्णांनंतरही. नुर्मीच्या सुवर्णांत सांघिक आणि क्रॉसकंट्रीची पदकं आहेत. त्या शर्यती आज ऑलिम्पिकमध्ये नाहीत.

वहीत आणखी एक रकाना हवाच: कोण आलं नाही, किंवा कुणाला येऊ दिलं नाही. एडविन मोझेस १९७७ ते १९८७ ४०० मीटर अडथळ्यांच्या सलग १२२ शर्यती जिंकला, अडथळ्यांमधलं अंतर शेवटपर्यंत १३ पावलांत कापत. १९७६ आणि १९८४ चं सुवर्ण त्याचं, मधल्या १९८० ला अमेरिकेने बहिष्कार घातला. १९८८ ला ४७.५६ पळून त्याला कांस्य मिळालं, आणि ही वेळ त्याच्या दोन्ही सुवर्णांच्या वेळांपेक्षा कमी आहे. पदकं मोजून तोलणाऱ्याला हे दिसणार नाही.

बायकांच्या बाबतीत हा रकाना सगळ्यांत मोठा. १९२८ ला ८०० मीटर ठेवली आणि लगेच काढली, ती परत आली १९६० ला. मॅरेथॉन आली १९८४ ला, ३००० मीटर स्टीपलचेस २००८ ला. फॅनी ब्लँकर्स-कोएनची ऐन उमेदीची १९४० आणि १९४४ ही दोन्ही ऑलिम्पिक युद्धात गेली. १९४८ ला लंडनला ती आली तेव्हा तिशीची, दोन मुलांची आई. १००, २००, ८० मीटर अडथळे आणि रिले, चार सुवर्ण. २०० मीटर पावसाने चिखल झालेल्या ट्रॅकवर २४.४, दुसरी २५.१, म्हणजे २.८७ टक्के. हाताचं घड्याळ असलं तरी फरक सात दशांशांचा, म्हणून हा आकडा विश्वासाचा. लांब उडीत तिचा स्वतःचा जागतिक विक्रम ६.२५ मीटर होता आणि त्या वर्षी सुवर्ण गेलं ५.६९५ मीटरला. उंच उडीत तिचा १.७१, सुवर्ण १.६८ ला. वैयक्तिक शर्यती तीनच घेता येतील या नियमामुळे ती त्यात उतरलीच नाही. आजच्या काळातली तिच्या तोलाची आघाडी सिडनी मॅकलॉलिनची: पॅरिस २०२४, ४०० मीटर अडथळे, ५०.३७ आणि ५१.८७, २.९८ टक्के.

उत्तेजकांबद्दल थोडक्यात. पुराव्याशिवाय कुणावर बोट ठेवायचं नाही, पण चाचण्या कुठल्या काळात नव्हत्याच हे वहीत लिहायचं. ऑलिम्पिकमध्ये चाचण्या सुरू झाल्या १९६८ ला, आणि ईपीओची (रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणाऱ्या औषधाची) चाचणी २००० च्या सिडनीला. फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनरच्या १९८८ च्या १०.४९ ला माझा आक्षेप वाऱ्याचा आहे. १०० मीटरच्या यंत्राने वारा शून्य दाखवला तेव्हा शेजारच्या तिहेरी उडीच्या यंत्रावर ४.३ होता. तो आकडा तुलनेला घेऊ नका. तिचीच ऑलिम्पिकमधली १०.६२ घ्या.

वहीचे रकाने असे आखा: नाव, साल, ठिकाण, छापलेली वेळ, घड्याळ हाताचं की विजेचं, वारा, उंची, जमीन, साफ वेळ, दुसऱ्याची वेळ, टक्के, कोण गैरहजर. एका मुलाला एकच धावपटू द्या, म्हणजे तो खोलात जाईल. आणि पहिलं पान माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरचं करा. रिओ २०१६, ३००० मीटर स्टीपलचेस, २८ अडथळे आणि ७ पाण्याचे. हीटमध्ये ९:१९.७६, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. अंतिम शर्यतीत ९:२२.७४, १० वी. विजेतीची वेळ ८:५९.७५. हीटच्या वेळेवरून टक्के काढले तर ३.७ येतात, अंतिम शर्यतीवरून ४.३. मुलं हमखास यातला आपल्या सोयीचा आकडा उचलतील. अंतिम शर्यतीचाच लिहायला लावा, आणि कोण गैरहजर या रकान्यात नोंद करा की बायकांची ही शर्यत ऑलिम्पिकमध्ये येऊन तेव्हा आठच वर्षं झाली होती.